कारखान्याचे फाटक, सातबारा आणि चाळीस टक्के : काम न करू शकणाऱ्या मजुराच्या हक्काचा इतिहास



निवडणूक जवळ आली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव एक वाक्य ऐकू येते – "निराधारचे पैसे आम्ही चालू केले." दुसरा म्हणतो, "वाढवले आम्ही." तिसरा म्हणतो, "कमिटीत आपला माणूस आहे, तुझा फॉर्म पास करून देतो." आणि ज्याचा हात मशीनमध्ये गेला, ज्याचा डोळा फवारणीत गेला, जो आज कामाला जाऊ शकत नाही, तो माणूस या तिघांपुढेही हात जोडून उभा असतो. त्याला वाटते, हे कुणाचे तरी उपकार आहेत. आपल्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांनाही बऱ्याचदा तसेच वाटते.

इतिहास वेगळे सांगतो. कामामुळे अपंग झालेल्या माणसाला मिळणारा पैसा या देशात शंभर वर्षांपूर्वी कायद्याने 'देणे' म्हणून सुरू झाला. पुढे त्याला संविधानात जागा मिळाली. मग तो शासन निर्णयातले 'अनुदान' कसा झाला? आणि भूमिहीन शेतमजूर, म्हणजे बहुतांशी आपलाच माणूस, प्रत्येक टप्प्यावर बाहेर कसा राहिला? या लेखात तेवढेच तपासायचे आहे.

सेवेचा इतिहास सांगितला गेला, हक्काचा नाही

विदर्भात अपंगत्वाचा विषय निघाला की आपल्याला मोठमोठी नावे आठवतात. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन झाले. ही माणसे मोठी होती, त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. समाजाने गावाबाहेर टाकलेल्या माणसांना त्यांनी जवळ केले.

पण शाळेच्या पुस्तकातून आपल्याला फक्त हाच धागा शिकवला गेला : दुःखी माणूस, आणि त्याची सेवा करणारा थोर माणूस. या चित्रात सरकार कुठेच नाही आणि कायदाही नाही. ज्याची सेवा होते त्याला काही मागण्याचा अधिकार आहे, हेही त्यात दिसत नाही. सेवा करणारा चांगला भेटला तर नशीब, नाही भेटला तर रस्ता. 'उद्धार' करणारे अनेक येऊन गेले आणि हक्काचे विचारले की गप्प बसले, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. म्हणून दुसरा धागा आपणच शोधला पाहिजे.

१९२३ : देहाची नाही, कमाईची मोजणी

तो धागा १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून सुरू होतो. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला आणि कामगार मेला किंवा अपंग झाला तर मालकाने भरपाई द्यायची, असा हा कायदा. इंग्रज सरकारला मजुराचा पुळका आला होता असे समजू नका. गिरण्या, रेल्वे, खाणी वाढल्या होत्या, अपघात वाढले होते, संघटना उभ्या राहत होत्या. त्या रेट्यातून हा कायदा आला.

त्यातली एक गोष्ट मात्र आजही शिकण्यासारखी आहे. 'पूर्ण अपंगत्व' म्हणजे काय, हे सांगताना हा कायदा विचारतो : अपघाताच्या वेळी हा माणूस जी कामे करू शकत होता, ती सगळी करण्यास तो आता असमर्थ झाला आहे का? म्हणजे मोजायचे आहे ते त्याची कमावण्याची ताकद किती गेली, हे. कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे. अंगठा गेला तर ३० टक्के. एका डोळ्याची दृष्टी गेली आणि दुसरा डोळा चांगला असेल तर ३० टक्के. हे टक्के कमाईच्या नुकसानीचे आहेत, आणि ३० टक्क्यांनाही त्या प्रमाणात पैसे मिळतात.

सर्वोच्च न्यायालयाने पुढे हे तत्त्व आणखी स्पष्ट केले. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, एकच हात गेला, म्हणजे अपंगत्व अंशतः आहे. १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंह देव खटल्यात न्यायालय म्हणाले की, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाचे नुकसान १०० टक्के आहे. २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या वाहन अपघाताच्या खटल्यातही तेच तत्त्व पुढे नेले : देहाचे अपंगत्व वेगळे आणि कमाईचे अपंगत्व वेगळे. डावा हात गेलेला कारकून कदाचित नोकरीत राहील, डावा हात गेलेला ड्रायव्हर मात्र घरी बसेल. हे 'किती टक्के' प्रकरण पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

बाबासाहेब, विमा आणि वगळलेली जिनिंग

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्या पायावर कर्मचारी राज्य विमा कायदा, ज्याला आपण ईएसआय म्हणतो, १९४८ मध्ये झाला. कायदा मंजूर होईपर्यंत बाबासाहेब त्या खात्यात नव्हते. आपल्याकडे सगळे श्रेय एका ओळीत देऊन टाकण्याची सवय आहे, म्हणून हे नीट सांगतो. पण पाया त्यांच्या काळात घातला गेला, हे नोंदलेले आहे.

१९२३ चा कायदा मालकाच्या खिशावर अवलंबून होता, आणि मालक बुडाला किंवा पळाला की मजूर संपला. ईएसआयने तो भार विम्यावर टाकला. आजारपणात पैसे, बाळंतपणात पैसे, कामावर अपंगत्व आले तर दरमहा पैसे. कामगाराने आणि मालकाने वर्गणी भरायची आणि मंडळाने द्यायचे. इथे कुणाचे पाय धरायचे कारण नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. यवतमाळ म्हणजे कापूस. कापूस म्हणजे जिनिंग-प्रेसिंग. ईएसआय कायदा 'हंगामी कारखाने सोडून' बाकीच्या कारखान्यांना लागू झाला. हंगामी कारखाना म्हणजे काय, याची यादी कायद्यातच आहे, आणि त्या यादीत अगदी सुरुवातीला कापसाचे जिनिंग आणि कापसाचे प्रेसिंग आहे! मुंबईच्या गिरणीत तोच कापूस कातणारा कामगार विम्याच्या आत आला. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये तोच कापूस यंत्रात लोटणारा, धूळ खाणारा मजूर बाहेर राहिला. आणि ज्याने तो कापूस पेरला, डवरला, वेचला, त्याचा तर कायद्यात उल्लेखच नव्हता.

हे पहिले फाटक : कारखान्याचे.

बाबासाहेबांना ही अडचण दिसत होती. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. शेती हा राज्याचा उद्योग असावा, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हा भेदच राहणार नाही. आणि विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, प्रत्येक प्रौढ माणसाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा. जमीन आणि विमा या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आराखड्यात ठेवल्या, कारण भूमिहीनाला दोन्ही बाजूंनी मार बसतो हे त्यांना ठाऊक होते.

तो आराखडा स्वीकारला गेला नाही. संविधानात आले ते कलम ४१ : राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत कामाचा आणि शिक्षणाचा हक्क, तसेच बेकारी, म्हातारपण, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी सरकारी साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची तरतूद करावी. शब्द 'हक्क' असाच आहे. पण हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी यावर सांगितले होते की, ही तत्त्वे मोडणाऱ्या सरकारला न्यायालयात नसेल, पण निवडणुकीत मतदारांसमोर उत्तर द्यावे लागेल. म्हणजे निवडणुकीत मतदाराने जाब विचारायचा, अशी अपेक्षा होती. आपल्याकडे उलटे झाले. निवडणुकीत नेताच मतदाराला उपकाराची आठवण करून देतो.

१९७७ आणि १९८० : एका कलमाचे दोन तुकडे

कलम ४१ मध्ये काम आणि साहाय्य एकत्र आहेत. जो काम करू शकतो त्याला काम, जो करू शकत नाही त्याला साहाय्य. महाराष्ट्राने यातल्या पहिल्या भागासाठी देशाला दिशा दाखवली. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितले की द्यावेच लागेल, अशी हमी कायद्यात आली.

पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना दुसऱ्या भागासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. अपंग, क्षयरोगी, कुष्ठरोगी, विधवा, परित्यक्ता अशा माणसांसाठी ती होती आणि तिने लाखो घरांत दोन घास दिले, हे नाकारता येणार नाही. पण फरक पाहा. हातपाय धड असलेल्या माणसाला कायदा मिळाला. हातपाय गेलेल्या माणसाला शासन निर्णय मिळाला, वर त्याला एका नेत्याच्या मुलाचे नाव. कायदा बदलायला विधिमंडळात जावे लागते. शासन निर्णय मंत्रालयातून निघतो आणि तिथेच बदलतो. कायद्यातली हमी कुणी मोडली तर जाब विचारता येतो. अनुदान तीन महिने आले नाही तर "वरून निधी आला नाही" एवढेच उत्तर मिळते. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमलेला अशासकीय माणूस असतो. "कमिटीत आपला माणूस आहे" हे वाक्य इथूनच येते.

रकमेचेही बघा. २०२३ मध्ये हे अनुदान दरमहा १५०० रुपये झाले. म्हणजे दिवसाला ५० रुपये. केंद्र सरकारच्या अपंग निवृत्तिवेतनाची गोष्ट तर आणखी वाईट : ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब असेल तर केंद्राचा वाटा ३०० रुपये. २०१२ पासून तो तेवढाच आहे.

शब्द बदलला, हिशेब नाही

मधल्या काळात 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. आपल्याला ही युक्ती ओळखीची आहे. 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याच्या विरोधात १९३८ मध्ये बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार मुंबई विधानसभेतून सभात्याग करून बाहेर पडले होते. देवाचे नाव जोडले म्हणून माणसाची स्थिती बदलत नाही, हा मुद्दा तेव्हाही होता.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मात्र चांगला आहे. त्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, सामाजिक सुरक्षेच्या सारख्या योजनांत अपंग व्यक्तीला इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त रक्कम मिळाली पाहिजे, कारण अपंग माणसाला जगायला खर्च जास्त येतो. २०२३ पासून महाराष्ट्रात निराधार योजनेत सगळ्यांना सारखेच १५०० मिळत होते. कलम २४ प्रमाणे अपंगाला किमान १८७५ व्हायला हवे होते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. तिथेही १५००, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. निराधार योजनेत अपंगासाठी हीच मर्यादा ५० हजार आणि इतरांसाठी २१ हजार. बहिणींना पैसे मिळू नयेत असे कुणीच म्हणत नाही. पण महिन्याला साडेचार हजार कमावणारे घर अपंग माणसाला पोसू शकते, हे सरकारने कशावरून ठरवले?

आंदोलने झाली, २०२५ च्या जूनमध्ये मोझरीला बच्चू कडू यांचे उपोषण झाले. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अपंगांसाठी रक्कम २५०० केली. हे चांगले झाले. पण फाटकावरची अट तशीच राहिली. ती अट म्हणजे ४० टक्के.

प्रमाणपत्रावर ४० टक्के नसतील तर निराधार योजनेत अपंग म्हणून तुम्ही बसत नाही. आणि सध्याच्या मोजणीप्रमाणे एक डोळा पूर्ण गेला, दुसरा चांगला असेल तर किती टक्के? ३०. तेच ३०, जे १९२३ च्या तक्त्यात होते! फरक एवढाच की, १९२३ च्या कायद्यात ३० टक्क्यांना ३० टक्क्यांचे पैसे आहेत आणि आजच्या योजनेत ३० टक्क्यांना शून्य. सुताराचा हात पाहून न्यायालयाने विचारले होते, 'हा काम करू शकतो का?' आपली योजना तो प्रश्न विचारतच नाही. ती फक्त देह मोजते.

माझ्या कामात असा एक मजूर भेटला. एक डोळा गेलेला. सालगडी म्हणून कुणी ठेवत नाही, फवारणीला कुणी बोलवत नाही, विहिरीच्या कामावर घेत नाहीत. प्रमाणपत्रासाठी तीन चकरा झाल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली. शेवटी कागद मिळाला, त्यावर ३० टक्के. तहसीलमधल्या बाबूने कागद परत दिला आणि म्हणाला, "भाऊ, तू तर धडधाकट आहेस." बाबूची चूक नव्हती. त्याच्यापुढचा नियमच तसा होता.

२०१७ : फवारणीचा हंगाम

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात काय झाले हे तुम्हाला सांगायला नको. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, अंगावर साधा शर्ट, पाठीवर पंप. कळंब, आर्णी, घाटंजी, वणी, राळेगाव, सगळीकडून माणसे यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येऊ लागली. उलट्या, बेशुद्धी, डोळ्यांपुढे अंधार. वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो भरती झाली. कित्येकांची दृष्टी काही दिवस गेली, काहींची पूर्ण परत आलीच नाही. त्यांत मालक शेतकरी होते आणि रोजाने किंवा पंपाच्या हिशेबाने फवारणारे मजूरही होते. आपल्या वस्तीतले होते, कोलाम आणि गोंड पोडांवरचे होते.

सरकारने मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपये जाहीर केले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. पण जे मेले नाहीत, वाचले, आणि पुढे काम करू शकले नाहीत, त्यांचे काय? मेलेल्या माणसाचा आकडा पेपरात येतो. अर्धवट दिसणाऱ्या, हात थरथरणाऱ्या, उन्हात चक्कर येणाऱ्या माणसाचा आकडा कुठेच येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये जिल्ह्यातल्या ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली, पुढच्या वर्षी बाझेलला दावा झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण यवतमाळच्या मजुराला न्यायासाठी युरोपचे दार वाजवावे लागले, म्हणजे इथली किती दारे बंद होती याचा विचार करा.

सातबारा नसलेला माणूस

इथे कुणी म्हणेल, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे ना? आहे. मृत्यूला दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. कीटकनाशकाची विषबाधाही त्यात धरली आहे. २०१९ मध्ये सातबाऱ्यावर नाव नसलेला घरातला एक सदस्यही त्यात आला. पण घर खातेदाराचे हवे. दुसऱ्याच्या वावरात फवारणारा भूमिहीन मजूर यात कुठेच नाही. एकाच वावरात, एकाच दिवशी, एकाच औषधाने दोन माणसांचा डोळा गेला, तर ज्याचे वावर त्याला एक लाख आणि ज्याची फक्त मेहनत त्याला काही नाही.

हे दुसरे फाटक : सातबाऱ्याचे. जमीन नाही म्हणून नुकसानभरपाई नाही, आणि जमीन का नाही, हे आपल्याला माहीत आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो माणसे तुरुंगात गेली. ती लढाई एकरांची होती असे आपण समजतो. खरे तर ती डोळ्यांचीही होती, हातांचीही होती. सातबारा हा आपल्या राज्यात मदतीच्या अनेक दारांची किल्ली आहे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, आहे तो कायदा वापरा. कामगार भरपाई कायद्याच्या अनुसूचीत शेतीतल्या कीटकनाशक फवारणीवर नेमलेला मजूर स्पष्ट शब्दांत आहे. २००० च्या दुरुस्तीनंतर रोजंदारीवरचा मजूरही बाहेर राहत नाही. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते. म्हणून विषबाधा झाली की दवाखान्याचे कागद, औषधाच्या डब्याचा फोटो, सोबतच्या मजुरांचे जबाब त्याच आठवड्यात जमा करा. खात्यातून वर्षाला २० रुपये कापणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू आहे का, हेही प्रत्येक घरात तपासा. एक डोळा कायमचा गेला तर त्यात एक लाख आहेत, त्याला सातबारा लागत नाही.

दुसरी गोष्ट, ही लढाई मजूर विरुद्ध शेतकरी होऊ देऊ नका. भरपाईचा दावा लागेल तो चार एकरवाल्या, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यावर, आणि त्याच्याकडून वसूल काय होणार? तो बऱ्याचदा आपलाच माणूस असतो. म्हणूनच १९४४ चा आणि १९४७ चा धागा पुन्हा हातात घ्यायचा. शेतमजुराचा विमा राज्याने काढला पाहिजे, कीटकनाशक विकणाऱ्यांकडून त्यासाठी वर्गणी घेतली पाहिजे. मुंडे योजनेत भूमिहीन मजुराला खातेदाराच्या बरोबरीने घेतले पाहिजे.

तिसरी गोष्ट, मागणीची भाषा बदला. आपण "पगार वाढवा" म्हणतो, सरकार पाचशे-हजार वाढवते आणि हार घालून घेते. आपली मागणी कायद्याची असली पाहिजे : काम न करू शकणाऱ्याला साहाय्य देण्याचा रोजगार हमीसारखा कायदा, ज्यात मोजणी कमाईच्या नुकसानीची असेल, ४० च्या खाली शून्य नसेल, कलम २४ प्रमाणे वाढीव रक्कम असेल आणि ठरलेल्या तारखेला पैसे आले नाहीत तर जबाबदारी कुणाची, हे लिहिलेले असेल.

बाबासाहेबांनी मतदाराच्या हाती जाब विचारण्याचे काम दिले होते. पुढच्या वेळी गावात कुणी "निराधारचे पैसे आम्ही दिले" म्हणाला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. जिनिंगवाला विम्याबाहेर का ठेवला? एकाच वावरातल्या दोन डोळ्यांची किंमत वेगळी का? आणि तीस टक्क्यांना शून्य का? उत्तर येईपर्यंत त्याला जाऊ देऊ नका.

जय भीम.